मालकीण प्रसिद्ध, पुरावा अपुरा: एका काळ्या बर्किनचे प्रकरण

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे, ठिकाण आणि रकमा येथे दिलेल्या नाहीत. किमती निर्देशांकात मांडल्या आहेत. त्याच मापाची, त्याच चामड्याची, तितकीच वापरलेली, पण पूर्वीच्या मालकाचे नाव कुणाला ठाऊक नसलेली बॅग बाजारात ज्या भावाने जाते, तो भाव 100 धरला आहे.

पार्श्वभूमी

वापरलेल्या उंची हँडबॅगा लिलावाने विकणाऱ्या एका संस्थेकडे एर्मेस या फ्रेंच कंपनीची काळी बर्किन आली. चामडे टोगो, म्हणजे वासराचे दाणेदार, रुंदी 35 सेंटीमीटर, हार्डवेअर, म्हणजे कुलूप-कड्यांसारखे धातूचे भाग, पॅलेडियमचे, म्हणजे रुपेरी. बॅग घेऊन आलेल्या बाई एका नामवंत अभिनेत्रीकडे अनेक वर्षे वेशभूषा साहाय्यक होत्या. 2013 साली त्यांनी काम सोडले तेव्हा अभिनेत्रीने ही बॅग त्यांना भेट दिली, असे त्यांचे म्हणणे. सोबत तीन गोष्टी होत्या: बॅगेची कापडी खोळ, अभिनेत्रीच्या हस्ताक्षरातले चार ओळींचे आभाराचे कार्ड आणि मासिकातून कापून ठेवलेले एक छायाचित्र. त्यात अभिनेत्री गाडीतून उतरते आहे आणि तिच्या हाताला काळी बर्किन आहे. खरेदीची पावती नव्हती. कार्डात बॅगेचा उल्लेखही नव्हता.

बाईंची अपेक्षा 400 ची होती. ज्यांच्या नावावरून या बॅगेला ‘बर्किन’ म्हणतात त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांच्या स्वतःच्या बॅगेला मिळालेल्या किमतीची बातमी त्यांनी वाचली होती. ही तुलना कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे आधी स्पष्ट करावे लागले, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे राहिले.

प्रसिद्ध व्यक्तीमुळे बॅगेला मान मिळतो तो दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट मॉडेलची. एर्मेस 1930 च्या दशकापासून जी बॅग बनवत होती, तिला हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केली हिच्या हातात पाहून लोक ‘केली’ म्हणू लागले आणि 1977 साली कंपनीने तेच नाव अधिकृत केले. 1995 साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बर्नादेत शिराक यांनी डायनाला डिओरची एक बॅग भेट दिली. डायनाने ती इतकी वापरली की पुढे त्या बॅगेचे नावच ‘लेडी डिओर’ झाले. या वाटेने आलेली प्रतिष्ठा त्या मॉडेलच्या प्रत्येक बॅगेला मिळते आणि तिचा मोठा लाभ कंपनीच्या पदरात पडतो. बर्किन या नावाचे वलय आपल्या 100 या आकड्यात आधीच धरलेले आहे. ते दुसऱ्यांदा मोजता येत नाही.

दुसरी वाट एकाच वस्तूची. 10 जुलै 2025 रोजी सदबीज या लिलावसंस्थेने पॅरिसमध्ये जेन बर्किन यांची मूळ बॅग विकली. शुल्क धरून किंमत गेली सुमारे 86 लाख युरोंवर. त्याआधी लिलावात हँडबॅगेला मिळालेली सर्वाधिक किंमत होती सुमारे 5 लाख डॉलर. ती 2021 साली हाँगकाँगमध्ये मगरीच्या कातड्याच्या, हिरे जडवलेल्या एका केलीला मिळाली होती. हिऱ्यांना मागे टाकणारी ही बॅग साधी काळी आणि चांगलीच झिजलेली होती, पण जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बर्किनशी तिची गल्लत होऊ शकत नाही. फ्लॅपवर ‘जे. बी.’ ही अक्षरे, न निघणारा खांद्याचा पट्टा, अडकवलेले नेलकटर, तळाच्या लहान खुंट्या, चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा. रुंदी-उंची 35 च्या मापाची, खोली मात्र 40 च्या मापाची. शिवाय मालकीची साखळी उघड आहे: 1994 साली जेन बर्किन यांनी ती एड्सविषयक कामासाठी लिलावाला दिली आणि 2000 साली ती पुन्हा विकली गेली.

साहाय्यक बाईंची बॅग मात्र कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यासारख्या कितीतरी काळ्या टोगो बॅगांसारखीच होती. तिला वेगळी ठरवू शकतील अशा खुणा वापरातूनच पडलेल्या होत्या.

अडचण

त्या खुणांपैकी बऱ्याच पहिल्या दोन दिवसांतच गेल्या.

संस्थेची रीत अशी: बॅग आली की नोंद, चारही बाजूंचे फोटो, आणि मग थेट चामडे कारागिराकडे सफाई. नोंदणीच्या अर्जात आधीच्या मालकीसाठी रकानाच नव्हता. बाईंनी तोंडी सांगितले ते नोंदवणाऱ्याने ‘ग्राहकाच्या मते प्रसिद्ध व्यक्तीची’ असे शेऱ्यात लिहिले, पण कारागिराकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर शेरा उतरत नाही. दुसऱ्या दिवशी कारागिराने हँडलवर हाताच्या तेलाने चढलेली चकाकी उतरवली. चारपैकी तीन कोपऱ्यांवरचे खरचटे रंग भरून बुजवले. आतल्या बकरीच्या चामड्याच्या अस्तरावर निळ्या पेनाची बोटभर रेघ होती, तीही काढून टाकली. वेळ संपला म्हणून मागच्या बाजूचा डावा कोपरा तेवढा राहिला.

काम उत्तम झाले होते. एरवी अशा सफाईने बॅगेचा भाव वाढतोच. इथे मात्र तिने दुहेरी नुकसान केले. एक तर छायाचित्राशी जुळवायच्या खुणा बुजल्या. दुसरे नुकसान कमी दिसते, पण खोल जाते. प्रसिद्ध व्यक्तीच्या वस्तूसाठी लोक जास्त पैसे देतात ते त्या व्यक्तीच्या स्पर्शाचे. जॉर्ज न्यूमन, गिल डीझेनड्रुक आणि पॉल ब्लूम यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीचा स्वेटर निर्जंतुक केला आहे असे सांगितल्यावर तो घेण्याची लोकांची इच्छा कमी झाली. न्यूमन आणि ब्लूम यांनी 2014 साली खऱ्या लिलावांचे भाव तपासले. जॉन केनेडी आणि मेरिलिन मन्रो यांच्या वस्तूंमध्ये ज्यांना त्यांचा जास्त स्पर्श झाला असेल असे वाटते, त्यांना जास्त किंमत मिळाली होती. घोटाळेबाज बर्नी मेडॉफच्या वस्तूंत नेमके उलटे घडले होते. बॅगेत स्पर्शाची जागा म्हणजे हँडल, आणि तेच सगळ्यात आधी पुसले गेले.

पडताळणी

लिलावाच्या सूचीचा मजकूर लिहिणाऱ्या सूचिकार बाईंनी बॅग परत मागवली आणि सफाई थांबवली. मग काम या क्रमाने झाले.

आधी स्टॅम्प. एर्मेसच्या बॅगेत बनावटीच्या वर्षाचे अक्षर दाबून उमटवलेले असते. 1997 ते 2014 या काळात ते चौकोनात असते आणि 1997 च्या ‘ए’ पासून क्रमाने पुढे जाते. 2015 पासून चौकोन गेला आणि क्रमही मोडला. या बॅगेच्या पुढच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला चौकोनात ‘के’ होते, म्हणजे 2007.

मग मासिकातले कात्रण. बाईंना ते 2008 चे वाटत होते. छायाचित्रात मागे एका समारंभाचा फलक अर्धवट दिसतो. त्यावरून समारंभ शोधला तर तो 2005 चा निघाला. म्हणजे ज्या छायाचित्रावर सगळा दावा उभा होता, ते काढले तेव्हा ही बॅग जन्मालाही आलेली नव्हती.

बाई दुखावल्या. “मॅडमनी स्वतःच्या हातानं दिली मला. त्यात खोटं काय सांगायचं?” सूचिकार बाईंनी त्यांना कात्रण आणि स्टॅम्प शेजारी ठेवून दाखवले. खोटे कुणीच बोलत नव्हते. अभिनेत्रीकडे एकाहून अधिक काळ्या बर्किन होत्या, आणि बाईंच्या आठवणीत त्यांची एकच बॅग झाली होती. असे फार वेळा घडते. ज्यांच्याकडे एक बॅग आहे त्यांच्याकडे तसलीच दुसरी असण्याचा संभव जास्तच असतो, म्हणून ‘तिच्याकडे अशी बॅग होती’ हे सिद्ध झाले तरी ‘हीच ती’ हे सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी 2007 ते 2013 मधल्या छायाचित्रांची. काळी बर्किन दिसणारी 38 छायाचित्रे मिळाली. गाळणी लावली ती हार्डवेअरच्या रंगापासून. पिवळ्या दिव्याखाली पॅलेडियम सोनेरी दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेवर भरवसा ठेवला नाही. त्याच चौकटीत गाडीचा क्रोम किंवा घड्याळ यांसारखा रंग माहीत असलेला दुसरा धातू शोधून त्याच्याशी ताडून पाहिले. जिथे असा धातू नव्हता ते छायाचित्र बाजूला. मग मासिकांनी उजवे-डावे उलटवलेली छायाचित्रे: कपड्यांची बटणे आणि मागच्या पाट्या पाहिल्या की ती सापडतात. मापावरून गाळणे मात्र फारसे जमत नाही. 35 च्या बॅगेत रुंदी-उंचीचे गुणोत्तर 1.40 येते आणि 30 च्या बॅगेत 1.36. कॅमेरा जरा तिरका असला की एवढा फरक नाहीसा होतो. शेवटी सहा छायाचित्रे उरली.

त्या सहांच्या मूळ फाइली छायाचित्रसंस्थांकडून विकत घेतल्या. संकेतस्थळांवरच्या प्रती या कामाला चालत नाहीत. चित्रात बॅगेची रुंदी 1,200 पिक्सेल भरली तर एका पिक्सेलमध्ये साधारण 0.3 मिलिमीटर चामडे येते, आणि टोगोच्या शिरा दिसू लागतात. 400 पिक्सेलला त्या दाण्यात मिसळून जातात. टोगो वासराच्या चामड्यापासून बनते आणि त्यात मानेच्या सुरकुत्यांसारख्या शिरा नैसर्गिकपणे येतात. प्रत्येक तुकड्यात त्या वेगळ्या असतात, म्हणून ओळख पटवायला त्या खरचट्यांहून भरवशाच्या. सफाईनेही त्या जात नाहीत, फार तर रंगाच्या जाड थराखाली मंद होतात.

कामाला आल्या दोन फाइली. 2009 च्या छायाचित्रात बॅगेची पुढची बाजू आहे. तळापासून सुमारे चार सेंटीमीटरवर एक शीर वर जाता जाता दुभंगते आणि तिची डावी फांदी मध्येच संपते. टेबलावर दिवा बॅगेच्या पातळीला आणून तिरपा प्रकाश टाकला तेव्हा तीच शीर, तीच फांदी, त्याच अंतरावर दिसली. 2011 च्या विमानतळावरच्या छायाचित्रात बॅग पाठीमागून दिसते, आणि डाव्या कोपऱ्यावर नखाएवढा अर्धचंद्राकार ओरखडा आहे. कारागिराच्या हातून सुटलेला कोपरा नेमका हाच. ओरखडा तिथे होता.

उरलेल्या छायाचित्रांपैकी एकात पुढचा उजवा कोपरा अगदी स्पष्ट आहे. तो आता रंगलेला होता. अतिनील दिव्याखाली नवा रंग वेगळा उठून दिसला, पण खालचा ओरखडा कसा होता ते त्यावरून वाचता आले नाही. तिसरा पुरावा इथे हातचा गेला.

जुळणी पाहणाऱ्याला काय सापडावे हे आधीच माहीत असेल तर ते सापडतेच. म्हणून तिसऱ्या व्यक्तीला कुठलीही माहिती न देता सहा काळ्या टोगो बॅगांच्या पुढच्या बाजूंचे फोटो आणि 2009 चे छायाचित्र दिले. तिने हीच बॅग निवडली.

पर्याय

चार मार्ग समोर होते.

नाव न घेता विकणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग, भाव 100 च्या आसपास. पण दोन खुणा जुळलेल्या असताना हे बाईंवर अन्याय करणारे होते.

विक्री विभागाला शीर्षकातच अभिनेत्रीचे नाव हवे होते, अंदाज 250 ते 350. सूचिकार बाईंचा याला ठाम विरोध होता आणि तो योग्यच होता. हयात व्यक्तीचे नाव जाहिरातीसारखे वापरण्यात तिच्या नावावरच्या हक्कांचा प्रश्न येतो. शिवाय हयात व्यक्ती बोलू शकते. 2015 साली जेन बर्किन यांनी मगरीच्या कातड्यासाठी होणाऱ्या क्रूरतेवरून आपले नाव मगरीच्या बर्किनवरून काढावे अशी मागणी केली होती. पुढे ते मिटले, पण नाव देणारी व्यक्ती ते परत मागू शकते हे सगळ्या बाजाराने पाहिले. अभिनेत्रीच्या कार्यालयाने विक्रीच्या आदल्या दिवशी ‘आम्हाला काही ठाऊक नाही’ एवढे जरी म्हटले असते, तरी ही बॅग कायमची डागाळली असती. तसा डाग लागलेली बॅग 100 लाही जात नाही.

तिसरा मार्ग ओळखीच्या संग्राहकाला खासगीत विकण्याचा. वाद कमी, पण भाव एकाच माणसाच्या मर्जीवर.

चौथा मार्ग अभिनेत्रीच्या कार्यालयाला आधी विचारण्याचा आणि उत्तर येईल त्याप्रमाणे मजकूर ठरवण्याचा. धोका सरळ होता: उत्तर ‘नाही’ आले तर दुसरा आणि तिसरा हे दोन्ही मार्ग बंद.

अभिनेत्रीचे नाव सध्या चांगल्या कारणांनी घेतले जाते की नाही, हेही पाहिले गेले. नाव वर चढवते तसे खालीही ओढते. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बर्बरीच्या चौकटीच्या नक्षीला कंपनीला नको असलेली प्रसिद्धी मिळाली आणि 2004 साली कंपनीने त्या नक्षीच्या बेसबॉल टोप्या बंद केल्या. इथे मात्र तशी काळजी नव्हती.

कृती

चौथा मार्ग घेतला. कार्यालयाला पाठवलेल्या पत्रात एकच प्रश्न होता आणि सोबत दोन्ही जुळण्यांची चित्रे. मुदत सहा आठवड्यांची. चौथ्या आठवड्यात उत्तर आले: अभिनेत्रीने त्या वर्षी साहाय्यकाला स्वतः विकत घेतलेली एक काळी हँडबॅग भेट दिल्याचे तिला आठवते, ती हीच का हे सांगता येणार नाही, छायाचित्रांचा संदर्भ देण्यास हरकत नाही, पण विक्रीच्या शीर्षकात नाव नको.

‘स्वतः विकत घेतलेली’ या तीन शब्दांचे मोल मोठे. कंपन्या प्रसिद्ध व्यक्तींना बॅगा भेट देतात, समारंभापुरत्या उसन्याही देतात. एका संध्याकाळी हातात धरलेली बॅग आणि स्वतःच्या पैशाने घेऊन काही वर्षे वापरलेली बॅग यांत जाणता ग्राहक फार फरक करतो.

सूचीतला मजकूर ठरला तो असा: शीर्षकात फक्त बॅगेचे वर्णन. खाली मालकीच्या टिपेत, ‘विक्रेतीच्या माहितीनुसार अभिनेत्रीकडून 2013 मध्ये भेट, बॅग 2009 आणि 2011 मधील छायाचित्रांतील बॅगेशी दोन ठिकाणी जुळते’. त्याखाली कुठे काय सफाई झाली याचा पूर्ण तपशील. विक्री विभागाला हा शेवटचा भाग नको होता. तो राहिला हे बरे झाले, कारण रंगवलेले कोपरे कुणीही जाणकार पाहताक्षणी ओळखतो आणि लपवलेली सफाई उघडी पडली की बाकीच्या पुराव्यावरचा विश्वासही जातो. मासिकाचे कात्रण वापरले नाही. अंदाज 90 ते 130 ठेवला आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचेच नाही ती, 85. नावामुळे मिळणारा जादा भाव अंदाजात धरायचा नाही, तो बोलीने ठरवायचा, असे ठरले.

निकाल

बॅग 170 ला गेली. तिच्यासारख्याच एका अनाम बॅगेला त्याच दिवशी 97 मिळाले.

लिलावाच्या आधी एका संग्राहकाने सफाईपूर्वीचे फोटो मागितले होते. नोंदणीच्या वेळचे चार फोटो होते, पण ते सूचीतल्या छोट्या चौकटीसाठी काढलेले. हँडल त्यात धूसर, अस्तरावरची रेघ चौकटीबाहेर. त्याने बोली लावली नाही. बाईंना 400 मिळाले नाहीत याचे वाईट वाटले, तरी टिपेचा मजकूर वाचून त्या एवढेच म्हणाल्या की यात त्यांचा शब्द कुठे खोटा पडत नाही.

चौदा महिन्यांनी दुसऱ्याच एका विक्रेत्याकडे अभिनेत्रीची आणखी एक काळी बर्किन आली. सोनेरी हार्डवेअर, चौकोनात ‘जी’ म्हणजे 2003, आणि पुराव्यादाखल तेच गाडीतून उतरतानाचे 2005 चे छायाचित्र. ते या संस्थेने आपल्या सूचीत छापले असते, तर बॅग परत घेऊन पैसे द्यावे लागले असते.

वेगळे काय करता आले असते

पहिला रकाना. संस्थेने नोंदणीच्या अर्जात ‘आधीची मालकी’ हा रकाना अगदी वर आणला. त्यात काहीही लिहिले गेले, दावा कितीही कच्चा वाटला, तरी बॅगेला लाल चिठ्ठी लागते आणि सूचिकाराच्या सहीशिवाय ती कारागिराकडे जात नाही. ही व्यवस्था आधी असती तर दोनऐवजी चार-पाच खुणा हातात असत्या. शाईची रेघ कुठल्याच छायाचित्रात दिसली नसती, पण ती साहाय्यक बाईंच्या आठवणीत होती. विचारल्यावर त्यांनी आपणहून सांगितले, “मॅडमचं पेन आत उघडं राहिलं होतं.” रेघ जागेवर असती तर त्यांच्या सांगण्याला बॅगेतूनच दुजोरा मिळाला असता.

फोटो. नोंदणीच्या वेळी आता प्रत्येक बाजू सपाट आणि तिरप्या अशा दोन प्रकाशांत घेतली जाते. चारही कोपरे, दोन्ही हँडल, अस्तर आणि स्टॅम्प यांची जवळून चित्रे शेजारी पट्टी ठेवून काढतात. याला बॅगेमागे वीसेक मिनिटे लागतात. सगळ्या बॅगांसाठी ते परवडत नाही, लाल चिठ्ठीच्या बॅगांसाठी परवडते.

बाईंशी पहिले बोलणे. त्यांना ‘हे कात्रण याच बॅगेचे आहे का’ असे विचारले गेले आणि त्या ‘हो’ म्हणाल्या. ‘मॅडमकडे अशा किती बॅगा होत्या, प्रत्येकीचे हार्डवेअर कसे होते, ही कुठल्या कपाटात असायची’ असे विचारले असते तर दुसरी बॅग पहिल्याच दिवशी समजली असती. वेशभूषा साहाय्यकाइतके बारकाईने हे कुणालाच ठाऊक नसते.

एका निर्णयावर संस्थेत अजून दुमत आहे. कारागिराचे म्हणणे, चौथा कोपराही रंगवून टाकायला हवा होता, तीन कोपरे नवे आणि एक जुना हे वाईट दिसते. सूचिकार बाईंनी तो तसाच ठेवायला लावला आणि सूचीत त्याचे जवळून घेतलेले चित्र छापले. लिलावाआधी बॅग पाहायला आलेल्यांपैकी जवळपास प्रत्येकाने ती हातात घेतली की आधी उलटी करून तोच कोपरा पाहिला. बॅग घेणाऱ्या ग्राहकाने हस्तांतरणाच्या वेळी लेखी अट घातली की त्या कोपऱ्याला यापुढे कुणी हात लावायचा नाही.